पुढचे चार फूट

धारवाडात सुभाष रोडवरून जी पेठ आत वळते, तिच्या उजव्या हाताला आमची जागा आहे. तोंडाला अरुंद, पोटात खोल. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, वाटणी केली तेव्हा तिचे आडवे दोन तुकडे पाडले. रस्त्याकडचा तुकडा, दुकान आणि त्यावरचा माळा, अण्णाला. मागचा, तीन खोल्या आणि आड, मला. अण्णा माझा थोरला भाऊ. तो दुकान चालवत होता, त्याला रस्ता लागत होता. मी जिल्हा न्यायालयात कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो, मला रस्ता घेऊन काय करायचे, असे अप्पांचे म्हणणे. मला बाहेर पडता यावे म्हणून डाव्या भिंतीलगत एक बोळ ठेवला. त्यातून उघडी छत्री घेऊन जाता येत नसे.

त्या वाटणीला मी तेव्हा हरकत घेतली नाही आणि आजही घेत नाही. ती कायदेशीर होती. अप्पांची चूक एवढीच, की जागा वाटताना त्यांनी रस्ता स्थिर धरला. हुबळी-धारवाड या जोडगावांत जमीन जागची हलत नाही. रस्ते हलतात, आणि हलताना कोणाला तरी तुडवून जातात.

दुकान दोरांचे होते. कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, घुंगुरमाळा, शिंगांना बांधायचे गोंडे. धारवाड ज्या जागी वसले आहे तिथे दोन मुलूख एकमेकांना टेकतात. पश्चिमेला कलघटगी-हल्याळकडचा ओला, तांबड्या मातीचा, भाताचा प्रदेश. पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीची काळी, कापसाची आणि जोंधळ्याची राने. पश्चिमेचा बैल ठेंगणा, चिखलात राबणारा. त्याला पाण्यात न कुजणारा काथ्याचा दोर लागतो. पूर्वेचा बैल थोराड. त्याला जाड, सुती कासरा. गिऱ्हाईक पायरी चढले की अण्णा त्याच्या पायांकडे पाही आणि चिखल तांबडा की काळा, यावरून दोर काढून समोर टाकी. भूगोल त्याने शाळेत शिकला नव्हता. त्याने तो विकला. हुबळी व्यापाराची आणि धारवाड कचेऱ्यांचे, असे लोक म्हणतात. आमच्याकडे ती दोन्ही गावे एका छपराखाली नांदत होती आणि त्या दोघांचे एकमेकांशी जेवढे पटते तेवढेच आमचेही पटले.

बोळ माझ्या वहिवाटीचा होता, पण अण्णा त्यात माल ठेवी. आमची आई, अव्वा, माझ्याकडे राहत असे आणि मागच्या खोलीतच गेली. गेली तीही बाजाराच्या दिवशी. तिरडी बांधून झाली, खांदेकरी उभे राहिले, आणि बोळात काथ्याच्या गुंड्यांची छातीएवढी चळत. मी पुढे जाऊन अण्णाला सांगितले. त्याच्यासमोर नवलगुंदकडचे दोघे जण कासऱ्यांची जोडी ताणून पाहत बसले होते. त्याने मान वर केली नाही.

"हे दोघं उठू देत, तम्मा," तो म्हणाला. "अव्वा आता कुठं पळून चालली नाही."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या घरात भांडण असले की कानडी येई आणि प्रेम असले तरी कानडीच येई, त्यामुळे नुसत्या हाकेवरून काही कळत नसे. तिरडी बोळात थांबली. सौदा पटला, गिऱ्हाईक पायरी उतरले, मग त्याने स्वतः गुंड्या बाजूला सारल्या, धोतर सावरून पुढचा उजवा खांदा घेतला आणि साऱ्या पेठेतून असा हुंदके देत गेला की सांत्वनाला लोक त्याच्याकडेच धावले. माझ्याकडे कोणी आले नाही. मी मागे होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर मी त्याला रजिस्टर टपालाने पत्र पाठवले. वहिवाटीच्या बोळात अडथळा केल्याबद्दल, कलमासहित. पोस्टमनने ते पुढे दिले, पोचपावतीवर अण्णाची सही घेतली आणि त्याच बोळातून गुंड्यांना खेटत मागे येऊन ती पावती मला दिली. अण्णानेही मग एका वकिलाकडून रजिस्टर उत्तर धाडले. असे बरीच वर्षे चालले. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणारी माणसे हुबळीच्या टपाल-वर्गीकरणातून एकमेकांशी बोलत होती आणि टपालखात्याने ते निमूटपणे पोहोचवले. त्या खात्याविषयी माझ्या मनात आदर आहे. माझ्या पत्रव्यवहारात वेळेवर वागलेली ती एकच सरकारी यंत्रणा.

पत्रे मी इतरांनाही लिहिली, आणि ती लिहिल्याचा मला अभिमान आहे. कारकुनीतून चढत मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. दुसऱ्यांचे कज्जे फायलीत लावण्यात आयुष्य गेले, तेव्हा कागद कसा बोलतो हे मला ठाऊक होते. गटारावर फरशी नाही म्हणून लिहिले. बायपासवर दोन्ही दिशांच्या गाड्या एका पट्टीवर कोंबून रोज माणसे मारली जातात म्हणून लिहिले. हुबळी-धारवाड रस्त्याच्या मधोमध बसगाड्यांचा स्वतंत्र मार्ग झाला तेव्हा म्हाताऱ्यांनी तो ओलांडायचा कसा म्हणून लिहिले. पोच मिळत असे. उत्तर मिळत नसे. अंमलबजावणी हा शब्द मी निवृत्तीनंतर केवळ स्वतःच्या पत्रांत वाचला आहे.

दरम्यान दोरांचा धंदा संपला. तो एका दिवसात संपला नाही. आधी काळ्या रानात ट्रॅक्टर आले, मग तांबड्या रानातही आले, मग बैल फक्त कारहुण्णवीच्या, म्हणजे बेंदराच्या, सणाला मिरवण्यापुरते उरले आणि शेवटी त्या सणाला लोक प्लॅस्टिकचे गोंडे हुबळीतून आणू लागले. ज्यांच्या पोरांनी पूर्वी बैल हाकले असते ती पोरे जवळच्या बेलूर वसाहतीतल्या कारखान्यांच्या बसमध्ये खिडकीला डोके टेकून झोपलेली दिसू लागली. अण्णाने सप्तापूरकडे घर बांधले होते, मुले मार्गी लागली होती, पोटाची ददात नव्हती. तरी तो रोज सकाळी सिटी बसने येई, शटर वर ओढी, गादीवर बसे आणि विकले न जाणारे दोर उन्हात घालून पुन्हा गुंडाळून ठेवी. येणाराजाणारा त्याला 'काय अण्णा' म्हणून हाक मारी. त्याला तेवढे पुरे होते. मी बोळातून बाहेर पडलो की तो गिऱ्हाईकाला सांगावे तसे शेजाऱ्याला सांगे, "आमचा मागचा निघाला बघ, कोर्टाला." मी निवृत्त होऊन किती वर्षे झाली होती, हे त्याला चांगले माहीत होते.

अशा स्थितीत रुंदीकरण आले.

रस्ताखात्याचा एक तरुण अभियंता हुबळीहून आला. त्याच्याबरोबर फीत धरणारे दोघे आणि लाल रंगाचा डबा. ही पद्धत अशी, की रस्त्याची मध्यरेषा धरायची, तिथून दोन्ही बाजूंना सारखे मोजायचे, आणि जिथे फीत संपेल तिथे भिंतीवर लाल पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या पुढचे सारे जाणार. बाकीच्या दुकानांच्या पायऱ्यांवर, फार तर उंबऱ्यावर पट्टा पडला. आमच्याकडे पेठ वळण घेते. अभियंता फीत घेऊन अण्णाच्या दुकानात शिरला, गादीवरून पुढे गेला, दोरांच्या खुंट्या ओलांडल्या आणि मागची भिंत चार फुटांवर राहिली तेव्हा थांबला.

"अज्जा, इल्लि तनका होगतैति," तो म्हणाला. इथपर्यंत जाणार.

अण्णा गादीवरच बसला होता. पट्टा त्याच्या पाठीमागे ओढला गेला. म्हणजे तो माणूस, त्याची गादी, त्याचा गल्ला आणि त्याचे गिऱ्हाईक हे सर्व त्या क्षणापासून रस्त्यात होते. त्याने वळून पट्ट्याकडे पाहिले आणि ओला रंग कासऱ्यांना लागू नये म्हणून ते खुंटीवरून काढून घेतले.

मी भूमापन कचेरीत जाऊन नकाशे काढले. दोन दिवस लागले नाहीत. अभियंत्याने धरलेली मध्यरेषा नकाशातल्या रस्त्याची नव्हती. वळणावर ती आमच्या बाजूला सरकवली होती, कारण समोर एका वजनदार माणसाची चार मजली व्यापारी इमारत उभी होती आणि खरी मध्यरेषा धरली असती तर तिचा दर्शनी भाग गेला असता. हा उघड अन्याय होता, आणि त्याहून मला जास्त झोंबले ते असे, की तो आळशी अन्याय होता. कोणी नकाशा उघडून पाहील अशी त्यांना भीतीही वाटली नव्हती. खरी रेषा धरली तर अण्णाची पायरी आणि शटर जात होते. गादी राहत होती.

हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती, आणि जिची जमीन जाते त्याच व्यक्तीला हरकत घेता येत होती. माझी इंचभरही जात नव्हती. उलट, पुढचे दुकान गेले की माझ्या घराची पुढची भिंत जवळजवळ रस्त्यावर येत होती. पेठेतल्या प्रत्येकाने हे माझ्या आधी मोजले होते. आमच्या सौ. नेही मोजले होते. तिने मला एकदाच विचारले, की तुम्ही हे कोणासाठी लिहिता आहात. मी म्हटले, रेषा चुकीची आहे. ती म्हणाली, "रेषा चुकीची असू दे की. आयुष्यभर बोळातून गेलो आपण." मी लिहीत राहिलो. ज्यांना हे औदार्य वाटेल त्यांनी कृपा करून तसे समजू नये. समोरून कोणी गुंड माझ्या वैऱ्याची जागा बळकावत असेल, तर तो गुंड माझ्या वैऱ्याहून आधी मोडला पाहिजे. वैऱ्याशी माझे स्वतंत्र प्रकरण आहे.

हरकत मी टाइप करून घेतली. नकाशाची नक्कल जोडली. माझ्या साऱ्या लिखाणात त्या दोन पानांइतके बिनतोड मी काही लिहिले नसेन. ती घेऊन मी दुकानात गेलो. पायरी चढून आत जाण्याचा प्रसंग कैक वर्षांत आला नव्हता.

अण्णाने ती पाने वाचली. मग पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून पाठकोरी बाजूही पाहिली.

"तू लिहिलंस?"

मी होय म्हटले.

"आणि सही मी करायची."

मी म्हटले, तुझी जागा आहे, सही तुझीच लागेल.

तो हसला. आमच्या घराण्यात एक शिकवण आहे आणि ती आम्हाला मुंजीतल्या मंत्रासारखी अप्पांनी दिली होती. भाऊबंदाने लिहून आणलेल्या कागदावर सही करायची नाही. अप्पांचे अर्धे शेत त्यांच्या चुलत्याने लिहून आणलेल्या एका कागदावर गेले होते, आणि उरलेले अर्धे तो कागद रद्द करण्याच्या दाव्यात. तेव्हा अण्णा हसला तो मला वेडा समजून नव्हे. अप्पांचा शहाणा मुलगा आपणच, याची खात्री पटून हसला.

"तम्मा, माझं दुकान गेलं तर तू पुढं येतोस. आणि ते जाऊ नये म्हणून तूच कागद आणतोस. मला काय दोर वळायला शिकवतोस?"

मी त्याला म्हटले, वकिलाला दाखव. त्याने ती पाने हुबळीला देशपांडे नगरातल्या एका वकिलाकडे नेली. मुद्दाम हुबळीला, कारण धारवाडचे सगळे वकील मला ओळखत. वकिलाने वाचून सांगितले, की कागद उत्तम आहे, आजच दाखल करा. ही हकीकत मला वहिनीने नंतर सांगितली. अण्णाने वकिलाला विचारले, यात डाव कुठे आहे. वकील म्हणाला, डाव नाही. तेव्हा अण्णाने असा निष्कर्ष काढला की डाव फारच खोल असला पाहिजे, एका वकिलाला न दिसण्याइतका. मग त्याने दुसरा वकील गाठला. त्यालाही दिसला नाही, तसा त्याचा संशय पक्का झाला. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा ती पाने त्याच्या गादीखाली होती आणि तो त्यांवर बसून होता.

मी त्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. खालच्या आवाजात म्हटले, कचेरी पाच वाजता बंद होते. तो म्हणाला, तुझी घाई बघूनच मला कळलं, डाव आहे.

शहाणी माणसे अशा वेळी आपली भिंत आपणच गवंडी लावून सरळ रेषेत कापून घेतात. मागचे बांधकाम हादरू नये आणि विटा, तुळया, पत्रे हाती लागावेत म्हणून. साऱ्या पेठेने कापून घेतले. अण्णाने नाही. तो म्हणे, कापायचे म्हणजे कबूल करायचे. मग जेसीबी आला. त्याने दुकान कापले नाही, ओढले. माळ्याची तुळई खाली येताना माझी स्वयंपाकघराची भिंत माथ्यापासून तडकली. काथ्याच्या गुंड्या मलब्याखाली सापडल्या आणि सुटून रस्ताभर लोळल्या. मोटरसायकलींच्या चाकांत दोर अडकू लागले तशी लोकांनी शिव्या देत ते तोडून फेकले. अण्णा समोरच्या इमारतीच्या पायरीवर उभा होता. ती चार मजली इमारत जशीच्या तशी होती. तिचा पहारेकरी त्याला तिथून हटकत होता.

मोबदल्याचे मी इथे लिहीत नाही. ते प्रकरण अद्याप चालू आहे.

आता भूगोल असा झाला. रुंद, काळा, नवा रस्ता. त्याच्या मधोमध लोखंडी जाळीचा दुभाजक. आमच्या बाजूला अण्णाची चार फुटांची पट्टी. आणि तिच्यामागे माझे घर. मी माझ्या दर्शनी भिंतीला दार पाडले. ज्या माणसाने तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत बोळातून अंग आडवे करून घर सोडले, त्याने समोरून बाहेर पडण्याची इच्छा करावी यात काही गैर नव्हते. दार मात्र उघडे ते अण्णाच्या पट्टीवर. तिच्यावर पाऊल ठेवण्याचा मला अधिकार नव्हता. मी ती विकत मागितली, रीतसर, मध्यस्थ घालून. मध्यस्थाला तो म्हणाला की विकायची नाही. मग त्याने पट्टीवर पत्र्याची शेड ठोकली, तिला शटर बसवले, खुंट्या मारल्या आणि मलब्यातून वेचलेले दोर टांगून आत बसला. चार फुटांत पाय सोडून बसता येत नाही. तो गुडघे पोटाशी घेऊन बसे, आणि त्याची पाठ माझ्या नव्या दाराला टेकलेली असे. माझ्या घरात दिवसा दिवा लागू लागला.

मी बोळातून वळसा घालून पुढे गेलो आणि त्याला समजावले, की पंचाहत्तरी उलटली, एकही गिऱ्हाईक येत नाही, बस थांबत नाही, समोरच्या बाजूच्या माणसाला जाळीमुळे इकडे येता येत नाही; इथे काय करतोस.

"चार फूट राहिले," तो म्हणाला, "पण पुढचेच राहिले."

मग मी पत्र लिहिले. रुंदीकरणानंतर उरलेली पट्टी ठराविक खोलीहून कमी असेल तर तीवर पक्के वा कच्चे, कोणतेही बांधकाम करता येत नाही, असा नियम आहे. तो नियम मी केला नाही. मी तो दाखवून दिला. छायाचित्र जोडले, मापे जोडली, खाली सही केली. निनावी पत्रे लिहिणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

आठवडा उलटण्याच्या आत माणसे आली. गटारासाठी, बायपाससाठी, म्हाताऱ्यांसाठी, सरकवलेल्या मध्यरेषेसाठी जी यंत्रणा वर्षानुवर्षे कुशीवर वळली नव्हती, ती एका म्हाताऱ्याचा चार फुटांचा पत्रा उचकटण्यासाठी गाडी, मजूर आणि पोलीस शिपाई घेऊन सकाळी दहाच्या आत हजर झाली. त्या दिवशी मला कळले की हे लोक पत्रे वाचतात. आजवर मी त्यांच्यावर न वाचल्याचा आरोप करत आलो तो चुकीचा होता. ते वाचतात आणि निवडतात. कोणते पत्र दुबळ्याविरुद्ध आहे हे त्यांना पहिल्या ओळीत कळते.

त्या संध्याकाळी वहिनी बोळातून माझ्याकडे आली. अव्वा गेल्यापासून ती त्या बोळात आली नव्हती. सौ. ने पाट मांडला. ती बसली नाही. म्हणाली, "भावजी, तुमच्या पत्राला उत्तर आलं म्हणे. जन्मभर वाट बघत होता. आज तरी पोटभर जेवा."

मी तिला नियम सांगू लागलो. ती ऐकून न घेता आली तशी बोळातून अंग आडवे करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. पट्टीवर मांडली, रस्त्याकडे तोंड करून बसला. मांडीवर एक कासरा. खुर्ची म्हणजे बांधकाम नव्हे. मी पुस्तके पाहिली, जुन्या सहकाऱ्याला विचारले. आपल्या मालकीच्या जमिनीवर खुर्ची टाकून बसण्यास कोणत्याही अधिनियमात मनाई नाही. तो सकाळी दुकाने उघडताना येई आणि बंद होताना जाई. मी दार उघडले की समोर त्याच्या मानेचा मागचा भाग, उन्हाने काळवंडलेला. आम्ही बोलत नव्हतो. एकदाच, भर दुपारी, त्याने मागे न वळता विचारले, "आत थंड आहे काय रे?" मी म्हटले, आहे. तो म्हणाला, "माझी सावली पडते ना, म्हणून."

या वर्षीच्या उन्हाळ्यात तो खुर्चीतून घसरला. मी दारातच होतो. त्याचे ओठ एका बाजूला ओढले गेले होते, पण शुद्ध होती. पेठेतली माणसे धावली. आम्ही चौघांनी त्याला उचलले. माझा उंबरा दोन पावलांवर होता, आत सावली होती, पाणी होते, अंथरूण होते. उंबऱ्याशी येताच त्याने चालत्या हाताने चौकट पकडली. बोटे सोडवता येईनात. "मागं नको," तो म्हणाला. जिभेला जडपणा आला होता, तरी सर्वांना ऐकू गेले. "मला मागं नेऊ नका."

लोक माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांना म्हटले, ठेवा त्याला तिथेच. त्याची जागा आहे.

रुग्णवाहिका समोरच्या बाजूला आली होती. चालक जाळीपलीकडून आम्हाला दिसत होता, आम्ही त्याला. दुभाजकाला फट नाही. त्याला पेठेच्या टोकापर्यंत जाऊन, चौकातून वळून, सगळी वाहतूक कापत परत यावे लागले. तेवढा वेळ अण्णा आपल्या चार फुटांवर, उन्हात, आडवा होता. एका पानवाल्याने त्याच्यावर छत्री धरली. मी दारातून बाहेर पाय टाकला नाही. त्याच्या परवानगीशिवाय मी त्या पट्टीवर यापूर्वी गेलो नव्हतो. उचलायला गेलो होतो तेवढाच अपवाद, आणि त्यालाही त्याने हरकत घेतली होती.

तो वाचला. उजवी बाजू गेली. सप्तापूरच्या घरात, रस्त्यापासून लांब, मागच्या खोलीत त्याची खाट आहे. पुढच्या खोलीत जिन्याच्या पायऱ्या असल्याने तिथे खाट मावत नाही. मी त्याला पाहायला गेलो, कारण न जाणे हे लोकांच्या तोंडी पडले असते. वहिनीने दार उघडले आणि बाजूला झाली. अण्णाने मला ओळखले. बराच वेळ त्याचे तोंड शब्द जुळवत राहिले. वहिनीला सवयीने कळत होते, ती सांगायला पुढे झाली, पण मलाही कळले.

"पुढं आता कोण बसतंय?"

रोज सकाळी हेच विचारतात, वहिनी म्हणाली, आणि आम्ही सांगतो, कोणी नाही, तुमची जागा तशीच आहे.

ते खरे होते. पट्टी मोकळी होती. तिथे कोणी बसत नव्हते, मी तर नाहीच. आजतागायत मी माझ्या दारातून रस्त्यावर उतरलेलो नाही, बोळातूनच जातो. माझ्या कोणत्याही पत्रात, कोणत्याही अर्जात, आयुष्यभरात एक खोटे विधान नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

मी खाटेवर वाकलो आणि त्याला म्हणालो, "मी बसतो."

त्याची चांगली बाजू भिंतीकडे होती. तो तिकडे वळला. वहिनीने दरवाजा उघडून धरला आणि मी बाहेर आलो, सिटी बस मिळाली, वळणावर उतरलो आणि बोळातून घरी गेलो.